बोर्डाच्या खोक्यातली चिठ्ठी

बाबा, परवा माळ्यावरून तो जुना काळा खोका खाली काढला. तुमच्या शेवटच्या वर्षी कुरिअरने आला होता तो, आठवत असेल तुम्हाला. इंदूरच्या सरांना जुना आणि नवा असे कॉम्प्युटरचे दोन बोर्ड शेजारी शेजारी ठेवून फोटो हवा होता, म्हणून काढला, नाहीतर मी त्याला हात लावला नसता. धूळ पुसली, बोर्ड बाहेर घेतला, खालचं माहितीपुस्तक काढलं आणि त्यातून तुमची चिठ्ठी पडली. चार घड्या घातलेली, कडा सरळ, जशी तुम्ही घालायचात तशी. बारा वर्षांच्या वर झाली. त्या बोर्डावरच्या दोन वाकलेल्या काट्यांचं खापर मी तुमच्यावर फोडलं होतं आणि तुम्ही ते घेतलंत. त्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगायला हे लिहायला बसलो आहे. मला लिहायची सवय नाही, चाचणीचे अहवाल सोडले तर.

माझं काम अजून तेच आहे. मोठे, महागडे डेस्कटॉप कॉम्प्युटर बांधण्याआधी त्यांचे भाग तपासायचे. व्हिडिओ एडिटिंगवाले, नकाशे आणि इमारतींची चित्रं करणारे लोक असली मशीन घेतात. बाजारात नवा मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स कार्ड आलं की त्याचा एक नग आमच्या कंपनीचे सर इंदूरहून माझ्याकडे पाठवतात. मी तो आठवडाभर चालवतो, तापवतो, आवाज ऐकतो आणि विकावा की नाही ते लिहून देतो. कांचघर मोहल्ल्यातल्या आपल्या घरातली पुढची खोली अजून त्यासाठीच आहे, टेबलही तेच. आज टेबलावर जो नवा बोर्ड आहे तो तुम्हाला आवडला असता. वीज पुरवणाऱ्या भागावर जाड धातूचं कवच आहे, बोर्डाच्या मागेही पत्रा आहे, आणि कार्ड बसवायच्या खाचेला पोलादी कड. बरोबर आलेलं ग्राफिक्स कार्ड तीन पंख्यांचं आहे, विटेएवढं जड, आणि खोक्यात त्याला खालून आधार द्यायला एक छोटा खांब दिलेला आहे. तो खांब हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. का ते पुढे सांगतो.

तुमचं काम काय होतं ते मला लहानपणी नीट कळायचं नाही. आजोबा विदर्भातून इथे आले, पुढे राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आपण इकडे हिंदी मुलखात राहिलो, एवढं माहीत होतं. तुम्ही भोंग्याबरोबर सायकल काढून तोफांच्या फॅक्टरीत जायचात आणि संध्याकाळी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचात, हेही माहीत होतं. फॅक्टरीत कुटुंबांना आत सोडायचे त्या दिवशी तुम्ही मला तुमच्या तपासणीच्या टेबलाशी नेलंत. भोकाचं माप तपासायचं गेज दाखवलंत. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जायला नको, एवढंच. मशीनवरचा एक माणूस हसत म्हणाला, "अरे साहब, उन्नीस-बीस का फरक है, पास कर दो, बच्चा भी देख रहा है." तुम्ही म्हणालात, "बच्चा देख रहा है इसीलिए तो. उन्नीस है तो उन्नीस लिखूँगा." तो माणूस चिडला नाही, अजून जोरात हसला. तुमचा हा स्वभाव सगळ्यांना ठाऊक असणार.

घरीही तेच. गॅसचा सिलिंडर आला, कुकरचं नवं रबर आणलं, माझी शाळेची चप्पल आणली, की तुम्ही आधी हात धुऊन पुसायचात, मग भिंगाखाली पाहायचात, आणि फॅक्टरीच्या जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजूला चिठ्ठी लिहायचात. माल काय, नग किती, काय पाहिलं, निर्णय काय. निर्णय तीनच: ठीक, परत, किंवा रोखून ठेवावा. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "मला पाहायला आले तेव्हा पण अशीच चिठ्ठी लिहिली असेल यांनी." तुम्ही म्हणायचात, "लिहिली होती. रोखून ठेवावा लिहिलं होतं. तुझ्या बापानं घाई केली." कुकरच्या रबराची एक चिठ्ठी मी न वाचता फेकली होती आणि पुढच्याच आठवड्यात भिंतीवर वरण उडालं होतं. तेव्हा तुम्ही मला ओरडला नाहीत. फक्त म्हणालात, "लिहिलेलं वाचायचं असतं रे. लिहिणाऱ्यानं वेळ घातलेला असतो." मी तेव्हा नववीत होतो. त्यानंतरही मी सुधारलो असं नाही.

खोका आला त्या दिवशी मी सदर बाजारात गेलो होतो. ते माझं पहिलंच मोठं काम होतं. एक बोर्ड, एक कार्ड, दोन्ही त्या वेळची सर्वांत वरची. सरांनी सांगितलं होतं की हे नीट झालं तर कायमचं घेऊ. त्याआधीची दोन वर्षं मी दुकानांमधून व्हायरस काढत फिरत होतो, तुम्ही पाहतच होता. परत आलो तर पुढच्या खोलीत खोका उघडा, तुम्ही खुर्चीत, चष्मा कपाळावर, आणि भिंग हातात. माझं डोकं एकदम तापलं.

"काहून उघडलं बाबा तुम्ही?"

"अरे, माल दारात येऊन राहिला अन् न पाहता सही करायची? कुरिअरवाल्या भैयाला बसवलं दहा मिनिटं. चिडून राहिला होता, मग चहा पाजला."

"आत हात लावला का?"

"कडेला धरूनच पाहिलं. मधल्या चौकटीवरचं प्लास्टिकचं झाकण उचललं अन् परत बसवलं. चिठ्ठी लिहून ठेवली आहे. वाचून घे आधी."

"कॉम्प्युटरचा बोर्ड आहे हा. तोफेचा भाग नाही."

"तोफेच्या भागाला एवढे काटे नसतात," तुम्ही म्हणालात, आणि मी ऐकलं नाही. मी तुमच्या हाताकडे पाहत होतो. निवृत्तीनंतर तुमचा उजवा हात थोडा थरथरायला लागला होता. कप बशीवर वाजायचा. तो हात त्या बोर्डावर फिरला एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या बोर्डावर प्रोसेसर जिथे बसतो त्या चौकटीत केसासारखे बारीक काटे असतात, हजारांच्या वर, सगळे एका बाजूला सारखे झुकलेले. एक जरी वाकला तरी गडबड. चिठ्ठी टेबलावर होती. मी ती उचलली, माहितीपुस्तकात घातली आणि पुस्तक खोक्याच्या तळाशी ठेवलं.

तुम्ही तरी उठला नाहीत. ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवून म्हणालात, "हे उभ्या बोर्डात आडवं बसणार ना? मग एवढा भार एकाच टोकाला लटकून राहील. खालून आधार काहून नाही दिला?" मी म्हणालो, "बाबा, बनवणाऱ्यांना कळतं." तुम्ही म्हणालात, "अच्छा. कळत असेल." आज प्रत्येक मोठ्या कार्डाबरोबर तो खांब येतो. कार्डं झुकतात, खाचा तडकतात, मी स्वतः अहवालात लिहिलं आहे कितीतरी वेळा. बनवणाऱ्यांना कळायला तेवढी वर्षं लागली. तुम्हाला एका दुपारी कळलं होतं, आणि मी तुम्हाला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्ड मांडायला घेतला तेव्हा तुम्ही दारात उभे राहिलात. "चिठ्ठी वाचली का?" विचारलंत. मी म्हणालो, "हो, वाचली." "मग?" "मग काय? ठीक आहे." तुम्ही टेबलावरच्या बोर्डाकडे पाहिलंत. मग म्हणालात, "ठीक आहे? चलो, तुझं काम तुला माहीत." त्या "हो"कडे मला परत यायचं आहे, पण आधी पुढचं सांगतो.

मी झाकण काढलं, आत पाहिलं नाही, प्रोसेसर ठेवला आणि त्याला धरून ठेवणारी पट्टी दाबली. तपासनिसाचा मुलगा, आणि तपासायला आणलेल्या मालाची तपासणी न करता सुरुवात केली. मशीन चालू झालं म्हणून मी खूश झालो. नंतर दिसलं की मेमरीच्या चारपैकी दोनच पट्ट्या मोजल्या जात आहेत आणि ग्राफिक्स कार्ड अर्ध्याच वेगाने माहिती घेत आहे. पाच दिवस मी कार्डाला दोष देत होतो. पट्ट्या बदलल्या, सॉफ्टवेअर पुन्हा घातलं, कार्ड काढून परत बसवलं. तुम्ही रोज दारावरून जायचात, आत यायचा नाहीत. सहाव्या दिवशी मी प्रोसेसर उचलला आणि दिव्याखाली पाहिलं. कोपऱ्याजवळ दोन काटे आडवे झालेले, शेजारच्यांना टेकून दबलेले. आणि लगेच, खरंच लगेच, मला तुमचा हात आठवला.

सरांना फोन केला तेव्हा तुम्ही दाराशी होता, हातात माझ्यासाठी आणलेला चहा. मी पाठ फिरवली, पण आवाज कमी केला नाही. सरांनी विचारलं, "बोर्ड आया तब चेक किया था?" मी म्हणालो, "हाँ सर, बिल्कुल ठीक था. पापा ने खोल लिया था मेरे पीछे. उनका हाथ काँपता है सर, पिन पे लग गया होगा." मग सर म्हणाले, "चलो, घर में बुजुर्ग हैं, हो जाता है. आगे से ध्यान रखना. वो बोर्ड अब रख लो, दूसरा भेजता हूँ." फोन ठेवला. तुम्ही आत आलात, कप टेबलावर ठेवलात. ठेवताना वाजला. मला वाटलं आता तुम्ही रागवाल, आणि मी भांडायच्या तयारीत होतो. तुम्ही म्हणालात, "मीच उघडलं होतं खोकं. लागला असेल हात." मी फोन खिशात घातला. मग तुम्ही विचारलंत, "त्यांनी मानलं का?" मी म्हणालो, "हो." "काम राहिलं ना?" "राहिलं." "चलो, मग अच्छा झालं," असं म्हणून तुम्ही बाहेर गेलात.

मला ते कबुलीसारखं ऐकू आलं. स्वतःच म्हणाले हात लागला असेल, मग संपलं. मी हलका झालो. दुसरा बोर्ड आला, अहवाल चांगला झाला, मला कायमचं घेतलं. त्या संध्याकाळी मी सदरवरून खव्याची जिलबी आणली होती. तुम्ही एक घेतलीत, डाव्या हाताने.

त्यानंतर घरात चिठ्ठ्या बंद झाल्या. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही, आता मागे पाहताना कळतं. सिलिंडर यायचा आणि आई म्हणायची, "पाहता का हो?" तुम्ही म्हणायचात, "तूच पाहा, माझा हात हलतो." पाहायला हात लागत नाही, पण तुम्ही तसं म्हणायचात. कप दोन्ही हातांनी धरायला लागलात. पुढच्या खोलीत काही आणून द्यायचं असलं तर दारापर्यंतच यायचात, आत आईला पाठवायचात. एकदा मी बाहेरून आलो तर तुमचं भिंग माझ्या टेबलावर होतं, चामड्याच्या पाकिटात. विचारलं तर म्हणालात, "तुझ्या कामाचं आहे. माझ्यापाशी पडून राहील." मी खणात टाकलं, कारण माझ्याकडे दिव्याचं नवं भिंग होतं. पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. सकाळी आंघोळीचं पाणी तापत होतं, आणि आईने दोनदा हाक मारली.

परवा पडलेली चिठ्ठी मी उभ्या उभ्याच वाचली. तुमचं अक्षर थोडं थरथरतं आहे, पण प्रत्येक ओळ पट्टीने आखल्यासारखी आहे. लिहिलं आहे: माल, कॉम्प्युटरचा बोर्ड, नग एक. खोका बाहेरून ठीक. कडा ठीक. डाखाचे टाके ठीक, सुंदर काम. मधल्या चौकटीत बाणाची खूण आहे त्या कोपऱ्यापासून तिसरी ओळ, दोन काटे वाकलेले, शेजारच्यांना टेकून. झाकण उचलताच दिसले. आत हात लावलेला नाही. निर्णय: रोखून ठेवावा, वापरू नये, पाठवणाऱ्यास आजच कळवावे. खाली तुमची पूर्ण सही. सहीखाली वेळही आहे, म्हणजे कुरिअरवाला समोर बसला असतानाच लिहिलेली.

मी बोर्ड दिव्याखाली धरला. बाणाच्या कोपऱ्यापासून तिसरी ओळ. तेच दोन काटे. मी खण उघडला, तुमचं भिंग काढलं आणि त्यातून पुन्हा पाहिलं. का पाहिलं माहीत नाही, डोळ्यांनाही दिसत होते.

चिठ्ठी घेऊन आईकडे गेलो. ती अंगणात उन्हात मटार सोलत बसली होती. आता तिला दिसतं कमी, म्हणून मी वाचून दाखवली. मला वाटलं तिला धक्का बसेल. ती म्हणाली, "हो, ती चिठ्ठी. मला माहीत आहे ना."

"तुला माहीत होतं?"

"फोन झाला तुझा, त्या दिवशी आत येऊन बसले हे. मी म्हटलं, अहो, तुम्ही तर लिहून दिलं होतं, मग पोरगं असं काहून बोलून राहिलं? तर म्हणाले, त्यानं वाचली आहे चिठ्ठी, मी विचारलं त्याला. सगळं माहीत आहे त्याला. पण वाकलेला माल न कळवता वापरला हे कसं सांगेल बिचारा, नवीन काम आहे. घाबरला आहे. माझ्या नावावर राहू दे, मला आता कोणता साहेब विचारणार आहे." आईने एक शेंग उघडली, दाणे ताटलीत पाडले. "मला राग आला होता तुझा. पण हे खूश होते. म्हणायचे, निवृत्त झाल्यावर पण पोराच्या कामी आलो. दोन-तीनदा म्हणाले असतील मला." मग तिने मान वर केली. "वाचली होतीस ना रे तू?"

तुम्ही वर्षभर माझ्यासमोर जेवलात, बाबा. मी चिठ्ठी वाचली आहे, काटे आधीच वाकलेले होते हे मला ठाऊक आहे, आणि तरी मी तुमच्या हाताचं नाव घेतलं, असं समजून जेवलात. तेवढं कळूनही माझ्यासाठी चहा आणत राहिलात, फक्त दारापर्यंत. आणि मी दुसरीकडे खरंच मानत होतो की तो तुमचा हातच होता. तुम्ही मला क्षमा केली होती, आणि मीही मनातल्या मनात तुम्हाला क्षमा करून बसलो होतो. हे लिहितानाही मला लाज वाटते. एक चिठ्ठी उघडायला किती वेळ लागतो?

मी ती वाचली नव्हती. तुम्ही दारात उभे होता, मला घाई होती, आणि तुम्ही जावं म्हणून मी हो म्हणालो. तुम्हाला वाटलं तसा विचार करून, घाबरून, काही वाचवायला मी तुमच्यावर ढकललं नव्हतं. सरांना मात्र बोर्ड पाहिला होता म्हणून खोटं सांगितलं, ते माझं. पण तुम्ही ज्याला सांभाळून घेतलंत तो घाबरलेला मुलगा तेव्हा त्या खोलीत नव्हताच. तिथे फक्त न वाचणारा होता, नववीतलाच. यातलं कोणतं कमी वाईट ते मला ठरवता येत नाही. तुम्ही असता तर काय निर्णय लिहिला असता, तेही नाही.

नवा बोर्ड आज मी झाकण उचलून पाहिला, तुमच्या भिंगातून, चौकटीच्या चारही बाजूंनी. सगळे काटे सरळ आहेत. कोऱ्या कागदावर तसं लिहिलं आणि सही केली. जुनी चिठ्ठी परत त्याच घडीत घालून त्याच पुस्तकात ठेवली. हा कागदही तिथेच ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार.

अंगणात आई माझ्या उत्तराची वाट पाहत होती, बाबा. तिच्या हातात शेंग तशीच होती. पोराच्या कामी आलो म्हणून तुम्ही खूश होता हे तिने इतकी वर्षं जपून ठेवलं आहे, आणि मी नाही म्हणालो असतो तर त्या खुशीला काही अर्थच उरला नसता. मी म्हणालो, "हो आई, वाचली होती."